तात्यांनी माझ्यासाठी मागितलेली माफी

पेणचे वैद्य वासुदेवराव, म्हणजे आम्हा सर्वांचे तात्या, यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या हाताखाली मी चार वर्षे काढली. आज रोह्यात माझा स्वतःचा दवाखाना आहे. या गौरवग्रंथासाठी लिहायला मी आनंदाने होकार दिला आणि मग घाबरले. तात्यांची थोरवी सांगायची तर माझी फजिती सांगावी लागते.

आयुर्वेदाची पदवी घेऊन त्यांच्यासमोर प्रथम उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यात हवा गेलेली होती. वात, पित्त, कफ यांवर मी धडाधडा बोलले. तात्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "तांदळाची पेज करता येते?" पुढचे आठ दिवस मी त्यांच्या स्वयंपाकघरात पेज शिजवत होते; कोणाच्या भुकेला पातळ, कोणाच्या भुकेला दाट. आधी रोग्याची भूक सांभाळायची, मग औषध, हा त्यांचा क्रम. आपल्या शास्त्राचा त्यांना मोठा अभिमान, पण आंधळा नव्हे. छातीत कळ येते म्हणणाऱ्या एका गुरुजींना त्यांनी बाकावर बसूही दिले नाही. रिक्षात घातले आणि स्वतः इस्पितळापर्यंत गेले.

एकदा तात्या चार दिवस रोह्याला गेले होते आणि दवाखाना माझ्यावर होता. धरमतरच्या खाडीकडच्या मिठागरातले धाकूदादा आले. पंधरा दिवसांपूर्वी पायांवर सूज घेऊन आले तेव्हा इस्पितळाच्या गोळ्या चालूच होत्या. तात्यांना विचारून मी पुनर्नवेचा काढा दिला आणि मीठ बंद करायला सांगितले होते. आता सूज वाढलेली होती.

"मिठाला हात नाय लावला, बाई," ते म्हणाले.

"खोटं बोलू नका," मी सगळ्यांसमोर ओरडले. ते उठले आणि निघून गेले. गोळ्या, काढा, सगळेच त्यांनी सोडल्याचे दोन दिवसांनी कानावर आले.

तात्या परतल्यावर मी सारे सांगितले. ते रागावले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते मला धाकूदादांच्या घरी घेऊन गेले. चुलीजवळ बसून त्यांनी वहिनींना एकच विचारले, "काल हे काय जेवले?"

"अळणी भात, अळणी आमटी. तोंडाला चव नाय म्हनून खारा बांगडा भाजून दिला."

"रोज?"

"व्हय. ती मासली हाय, मीठ कुटं हाय?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. मीठ बंद म्हणाले होते मी; जेवता काय, हे विचारलेच नव्हते. तात्यांनी धाकूदादांपुढे हात जोडले. "चूक आमची आहे. तुम्ही खरं बोललात." इतक्या मोठ्या माणसाला माझ्यासाठी वाकलेले पाहून मी रडले, आणि मग मीही माफी मागितली. तात्यांनी खारा बांगडा बंद केला, चवीला लिंबू आणि आले सुचवले, आणि त्याच दुपारी धाकूदादांना इस्पितळात नेऊन गोळ्या पुन्हा सुरू करून घेतल्या.

परतताना मी म्हणाले, "तात्या, मला हे जमणार नाही. मी घरी जाते." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उद्या दवाखाना तू उघड. मला जरा उशीर होईल."

त्यानंतर दर सोमवारी त्यांना असाच उशीर होऊ लागला. महिनाभराने अशाच एका सोमवारी धाकूदादा आले. चपला सहज पायांत जात होत्या. नेमके त्याच वेळी तात्याही दारात आले आणि धाकूदादांची नाडी बघायला पुढे झाले. धाकूदादांनी हात मागे घेतला.

"तुमी बसा, तात्या. मला बाईंना दाकवायचा हाय."

तात्या खरोखरच रोग्यांच्या बाकावर जाऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे हसले. त्या हसण्याइतके मोठे प्रमाणपत्र मला आजवर मिळालेले नाही. तात्या, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, आणि आम्हा शिष्यांपैकी प्रत्येकाच्या दवाखान्यात एकदा तरी रोगी तुम्हाला असेच बाकावर बसवो.