लॉन्ड्रीतली मालकीणबाई

लॉन्ड्रीत तिला सगळ्याजणी मालकीणबाई म्हणायच्या आणि गंमत म्हणजे तिला त्याचा राग यायचा नाही. दवाखान्याच्या आणि लॉजच्या चादरी तिथं धुऊन, इस्त्री होऊन जायच्या. बावीस वर्षं ती त्यांच्या घड्या घालत होती. कोणी चहाला दोन मिनिटं जास्त बसली की हिचाच जीव वरखाली. मालक तिला मावशी म्हणायचे. एवढ्या एका शब्दावर बाई जन्म ओवाळून टाकायला तयार! मालकांच्या सख्ख्या मावशीला तरी एवढा पुळका असेल का, देव जाणे.

तिची धाकटी जाऊ शेजारच्याच टेबलावर इस्त्री करायची. ही नोकरी हिनंच लावून दिलेली. दिवसभर उभं राहून सगळ्यांचेच पाय सुजायचे. शेवटी धाकटीनं बायकांची एकी केली. टेबलामागे एकेक स्टूल मिळेपर्यंत सोमवारपासून इस्त्रीला हात लावायचा नाही, असं ठरलं.

"जाऊबाई, तुम्ही पण या ना आमच्यात," ती म्हणाली.

मालकीणबाईनं पुढची चादर ओढली. पाय तर तिचेही ठणकत होते. पण खाल्ल्या मिठाला जागायचं की घरच्या माणसाला, हे काही केल्या तिला उलगडेना. दोन दिवस तिच्या घड्या वाकड्या पडत होत्या.

शनिवारी तिनं मालकांना सांगून टाकलं. अगदी चांगल्या मनानं, हे मात्र खरं.

"सोमवारी दवाखान्याच्या चादरी अडकतील हो. त्यांना स्टुलं तेवढी देऊन टाका."

मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हुशार दिसतंय कोणीतरी. कोणाच्या डोक्यातून निघालं हे, मावशी?"

हुशार म्हणाले ना! हिला वाटलं, आता जावेला मुकादम करणार. मोठ्या कौतुकानं तिनं नाव सांगितलं.

सोमवारी स्टुलं आली आणि धाकटीला फाटकावरूनच परत पाठवलं. बायका स्टुलांवर बसल्या, पण हिच्याशी कोणी बोललं नाही. आपलं नेमकं कुठं चुकलं हे हिला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

"नाव तुम्ही सांगितलंत?" घरी धाकटीनं विचारलं.

"हो."

"का?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

धाकटी भांडली असती तर हिला परवडलं असतं. "मग उद्या तुम्हीच जाऊन सांगा, मला परत घ्या म्हणून," ती म्हणाली. "तुमचं ऐकतात ते. मला ही नोकरी हवी आहे, जाऊबाई."

दुसऱ्या दिवशी वाटभर हिनं एकच वाक्य घोकलं. मालकांच्या खोलीत गेली, पण हिनं तोंड उघडायच्या आत मालकच बोलले.

"जावेसाठी आलात ना? बावीस वर्षांत तुम्ही कधी काही मागितलं नाहीत. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. सांगा, घेऊ तिला परत?"

होय म्हणायचं, बस. पण मालकांनी विचारलं की द्यायचं ते बावीस वर्षांचं उत्तर जिभेवर तयारच होतं.

"तुम्ही म्हणाल तसं."

"मग राहू दे," म्हणत मालकांनी फोन उचलला.

संध्याकाळी धाकटी दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

ते काय म्हणाले ते सांगावं की आपण काय म्हणालो ते, हे तिला खरंच कळेना.