शाबास म्हणायचं नाही

वॉर्डात सगळे तिला आकडेबाई म्हणायचे. का नाही म्हणणार? दर दोन तासांनी ही नर्स कागद घेऊन खाटेपाशी हजर, आणि प्रश्न एकच. "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आत्ता किती?" ऑपरेशननंतरचं दुखणं कमी करणाऱ्या एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. निम्म्या पेशंटना नवं औषध, निम्म्यांना जुनं. कुणाला कुठलं, हे तिलासुद्धा ठाऊक नव्हतं.

त्याआधीची सव्वीस वर्षं तिने साध्या वॉर्डात काढली, ती निम्मी जिभेच्या जोरावर. "शाबास रे पठ्ठ्या!" असं ती म्हणाली की भलेभले रडके निमूट सुई टोचून घ्यायचे. चाचणीच्या कामात मात्र पहिलीच ताकीद मिळाली: कौतुक नाही, हळहळ नाही, पेशंट म्हणेल तो आकडा लिहायचा. "मग माझ्या जागी भिंतच उभी करा की," ती म्हणाली होती. पण जमवलं बिचारीने. जवळजवळ जमवलं.

त्या दिवशी सात नंबरच्या खाटेवर एक बस ड्रायव्हर होता. नडगीचं हाड मोडलं होतं, आदल्या संध्याकाळी आत सळई घालून बसवलं होतं. माणूस भिडस्त, पाणी मागतानाही माफी मागणारा. सकाळी दहाला त्याने पाच सांगितले. बाराला म्हणाला, दोन. आणि जित्याची खोड! हिच्या तोंडून निघूनच गेलं, "वा, शाबास!" ड्रायव्हर लाजून हसला. हिने जीभ चावली, पण शब्द काही परत आला नाही.

दुपारी दोनला दोन. चारला पुन्हा दोन.

चारचा आकडा लिहून ती वळणार, तोच तिला त्याच्या बायकोचं मनगट दिसलं. नखांचे लालभडक वण, एक तर चक्क रक्ताळलेला.

"वहिनी, हे काय?"

"काही नाही हो सिस्टर. यांनी जरा हात धरला होता."

"कधीपासून?"

"एक वाजल्यापासून."

आकडेबाईने कागद खाटेवर टाकला. तिने चादर बाजूला केली. पोटरी हवा भरलेल्या टायरसारखी टणक. तिने पायाचा अंगठा हळूच वर वाकवला मात्र, ड्रायव्हर असा ओरडला की अख्खा वॉर्ड उठून बसला.

"ड्रायव्हरसाहेब, खरं सांगा. किती?"

"दोनच लिहा सिस्टर." घामाने त्याची उशी भिजली होती. "चाचणीचे डॉक्टर भले माणूस आहेत. माझ्यापायी त्यांचं औषध नापास व्हायला नको. आणि दोन सांगितल्यावर तुम्ही शाबास म्हणालात ना?"

तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. "खड्ड्यात गेलं ते औषध! नापास असेल तर तेच कळायला हवंय आम्हाला. आकडा सांगा!"

"दहा," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "दुपारपासून दहा."

वय विसरून ती धावली. सर्जन आले, त्यांनी पोटरी दाबून पाहिली आणि पाचव्या मिनिटाला ड्रायव्हर पुन्हा ऑपरेशनला गेला. आत सूज कोंडून पायाचं रक्त अडलं होतं. अशा वेळी माणसाचं दुखणंच सगळ्यात आधी ओरडून सांगतं, आणि ते तर ड्रायव्हर आणि आकडेबाई या दोघांनी मिळून गप्प बसवलं होतं.

बाहेरच्या बाकावर बायकोने विचारलं, "पाय राहील ना, सिस्टर? त्यांना गाडीशिवाय दुसरं काही येत नाही हो."  आकडेबाई नुसती त्या मनगटाला मलम लावत बसली.

दोन तासांनी सर्जन बाहेर आले. "थोडक्यात वाचला. अजून उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता."

बायकोने पदरात तोंड खुपसलं. आकडेबाईने मलमाचं झाकण लावलं.

चाचणीचे डॉक्टर तिला समजावत होते. "तुम्ही त्याने सांगितले तेच आकडे लिहिलेत. तुमची काय चूक?" खरंच, कागद चोख होता. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिने झाल्या प्रकाराचा फॉर्म ओढला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: बारा वाजता पेशंटने दोन सांगितल्यावर मी त्याला शाबास म्हणाले. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी ती सात नंबरपाशी आली तेव्हा हातात कागद नव्हता. चाचणीचं काम तिच्याकडून काढून घेतलं होतं, वॉर्डातली जुनी ड्युटी पुन्हा गळ्यात पडली होती.

"किती?" तिने विचारलं.

ड्रायव्हरने बायकोकडे पाहिलं, मग हिच्याकडे. "सात."

ती औषधाच्या ट्रेकडे वळली.

"आज शाबास नाही म्हणणार?"

"नाही," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत. "सातला इंजेक्शन असतं. हात पुढे करा."