तासाभराच्या वहिनी

वहिनींचा कुठलाही डोंगर तासाभराचाच असायचा. "तासाभराचं तर आहे हो भाऊजी, गेलं की आलं," असं त्या म्हणाल्या, की माझी बायको दुपारच्या डब्याबरोबर रात्रीच्या दशम्याही बांधायला घ्यायची. एकदा त्यांच्या तासाभरात आम्ही सकाळी निघून उन्हं कलताना परतलो. पाय मोडल्यागत गवतात पडलेल्या माणसांकडे बघून वहिनी निरागसपणे म्हणाल्या, "खरं सांगितलं असतं तर आला असतात का?" तेव्हापासून क्राइस्टचर्चच्या मराठी घरांमध्ये त्यांचं नाव तासाभराच्या वहिनी असंच पडलं.

वहिनी म्हणजे मिलिंदची बायको. मिलिंद आणि मी शहरातल्या हॉर्नबी भागात एकाच कारखान्यात डिझाइनचं काम करायचो आणि घरंही जवळजवळच होती. दोन हजार सालानंतर थोड्याच वर्षांत आम्ही सगळे इकडे पोचलो होतो. वहिनी मूळच्या साताऱ्याच्या. पुण्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, इथे मात्र एका सुपरमार्केटच्या बेकरीत पाव पिशव्यांत भरायच्या. त्याबद्दल रडगाणं गायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "तिकडे वर्ग होता आणि झाडं फळ्यावर काढावी लागत होती. इकडे झाडं ढीगभर आहेत, तर वर्ग नाही," एवढं एकदाच म्हणाल्या होत्या. मग आम्हालाच धरून त्यांनी वर्ग भरवला आणि रविवारी सकाळी आमच्या गाड्या मॉलऐवजी डोंगराच्या पायथ्याशी लागू लागल्या.

डोंगराला पाय लावण्याआधी वाकून हात लावायचा, हा त्यांचा नेम. कासल हिलला चुनखडीचे प्रचंड पांढरे खडक आहेत, हत्तींचा कळप बसावा तसे. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही फोटोसाठी खडकांवर चढत सुटलो होतो आणि वहिनी मात्र पाटी वाचत उभ्या होत्या. ही जागा माओरी लोकांना पवित्र आहे, असं त्या पाटीवर लिहिलं होतं. आम्हाला हाक मारून त्यांनी खाली उतरवलं. "दुसऱ्याचं देवस्थान आहे. आपली ओळख नसली तरी नमस्कार करायला काय जातं?" म्हणाल्या आणि खडकाला हात लावून माओरी नमस्कार "किया ओरा" म्हणत पुढे झाल्या. माझी मुलगी इथेच वाढलेली, मराठी सगळं समजायचं पण उत्तर इंग्रजीत. तीसुद्धा हात लावून "स्वीट अ‍ॅज!" म्हणाली. म्हणजे इथल्या पोरांच्या बोलीत झकास. तोही नमस्कारच, असं वहिनींनी जाहीर करून टाकलं.

याच सुमारास माझे वडील गेले आणि मी आईला न्यूझीलंडला घेऊन आलो. आई आली खरी, पण आली म्हणजे फक्त खोली बदलली. इथल्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्यांचं लाकडी कुंपण दिसायचं, त्याकडे बघत ती दिवसच्या दिवस बसायची. बाहेर चल म्हटलं की एकच उत्तर: "मला आता कुठे जायचंय?" व्हिसा संपला की ती पुण्याला परतणार होती, तिथे रिकाम्या फ्लॅटचं दार लावून घेणार होती आणि मग ते दार काही उघडायचं नाही, हे मला कळत होतं. मी समजावून पाहिलं, चिडून पाहिलं. बायकोनं लाडीगोडी लावून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

एका सकाळी वहिनी आल्या त्या तडक आईच्या खोलीत. हातात पिवळ्या फुलांच्या छत्रीची, बारीक पानांची एक लांब काडी. "काकू, एक अडलंय. ही बडीशेपच ना? मला काही नक्की सांगता येईना." वनस्पतिशास्त्राची ही मास्तरीण इतक्या गंभीर चेहऱ्यानं विचारत होती, की मला हसू आवरायला स्वयंपाकघरात जावं लागलं. आईनं पान चुरडलं, वास घेतला. "अगं, बडीशेपच ही. कुठे मिळाली?"

"इथेच हो, रानात उगवते. अख्खा रस्ता भरलाय. तासाभराचं तर आहे, दाखवते ना."

कितीतरी दिवसांनी आईनं चपला शोधल्या. हॉल्सवेलच्या जुन्या दगडखाणीच्या वाटेवर ती त्या दिवशी पहिल्यांदा चालली आणि पदरात बडीशेप घेऊन परतली. पुढच्या आठवड्यात वहिनींना ब्लॅकबेरीची अडचण आली. त्यानंतर नदीकाठच्या कसल्याशा पाल्याची. अडचणींची वाट हळूहळू लांब होत गेली आणि आईच्या पायात चपलांच्या जागी बूट आले. साडीवर बूट घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कवायतीला निघाल्यासारखी दिसते." पण काढले नाहीत.

तरीही घरी आली की ती पुन्हा त्या खिडकीशी. "चालून येते, पण आत तसंच आहे गं," असं तिनं माझ्या बायकोला सांगितलं होतं. जाण्याचे दिवस जवळ येत होते. मला धास्ती वाटायची, की पुण्यात कोण हिच्यासाठी काड्या घेऊन येणार?

अशात संक्रांत आली. यंदाचं हळदीकुंकू डोंगरावर करायचं, असं वहिनींनी ठरवलं. कैटुना खोऱ्यातून मेंढ्यांच्या कुरणांमधून वर चढत गेलं, की खिंडीत एक जुनी दगडी हट आहे, वाटसरूंनी मुक्काम करायची. तिथून खाली लिटलटन बंदराचं निळं पाणी दिसतं. रथसप्तमीच्या आधीचा रविवार धरून आम्ही निघालो. बायका काळ्या साड्या, डोक्यावर टोप्या, पायात बूट. आम्ही पुरुष हमालीच्या खात्यात: तिळगूळ, थर्मास, आणि वाण म्हणून लुटायचे लोकरीचे मोजे. कुरणाच्या कुंपणाला चढून ओलांडायच्या लाकडी पायऱ्या असतात, त्यांवर साड्या सावरताना एकच गोंधळ उडाला. समोरून उतरणारे एक गोरे आजोबा टोपी काढून उभे राहिले आणि मोठ्या अदबीनं विचारू लागले, "आमच्या रग्बी टीमला सपोर्ट करायला निघालात का?" त्यांच्या देशाच्या रग्बी टीमचा पोशाखही काळाच. "ऑफ कोर्स! हीप्स ऑफ सपोर्ट!" वहिनींनी ठोकून दिलं आणि त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

हटच्या दाराशी पाटी होती, बूट बाहेर काढा. ती मी आईला वाचून दाखवली. "म्हणजे यांच्यातही आहे तर रीतभात," म्हणून तिनं बूट काढून भिंतीशी नीट जोडीनं ठेवले. या देशातली कुठलीतरी गोष्ट आईला पहिल्यांदाच पसंत पडली होती.

खिंडीत वारा असा, की कोरडं कुंकू चिमटीतून थेट बंदरात गेलं असतं. ते ओळखून वहिनींनी हळद आणि कुंकू घरूनच ओलं कालवून आणलं होतं. हटबाहेरच्या गवतावर चादर पसरली, बायका गोलात बसल्या. आणि आई उठली. "मी सामान बघते," म्हणाली आणि हटच्या मागच्या बाजूला पिशव्यांपाशी जाऊन बसली. असल्या वेळी आपल्याकडे कोणी काही बोलत नाही. तिला परत बोलवायचं धाडस मलाही झालं नाही.

वहिनी ताट घेऊन तिच्यामागे गेल्या. मी थर्मास काढायला तिथेच गेलो होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"काकू, एक अडलंय."

"काय गं?"

"कुंकू लावायला तुम्ही हव्या होतात."

आईनं वर पाहिलं. "तुला बडीशेप ओळखता येत नाही, कुंकू लावता येत नाही. मी काही खुळी नाही गं. तू कॉलेजात काय शिकवायचीस ते मला सुनेनं केव्हाच सांगितलंय."

वहिनी गडबडल्या. मी त्यांना तशा कधी पाहिल्या नव्हत्या. ताट खाली ठेवून त्या आईशेजारी बसल्या. "येतं मला सगळं. पण माझे वडील मी शाळेत असताना गेले. त्यानंतर प्रत्येक संक्रांतीला बायका बाहेरच्या खोलीत आणि माझी आई आत, सामान बघत. शेवटपर्यंत ती सामानच बघत राहिली. मला तिच्या हातचं कुंकू कधी लागलंच नाही. आज तुम्ही लावलंत तर मला बरं वाटेल. नाही लावलंत तरी मी रागावणार नाही."

वाऱ्यानं आईचा पदर फडफडत होता. तिनं तो कमरेला खोचला. मग तिनं ताट ओढलं आणि वहिनींच्या कपाळाला आधी हळद लावली, मग कुंकू. कुंकू जरा वाकडं लागलं. वहिनींनी ते तसंच ठेवलं. मग त्यांनी ताटाकडे पाहिलं आणि आईकडे पाहिलं.

"हळदीचं बोट लाव," आई म्हणाली. "कुंकवाचं माझं मन अजून होत नाही."

"चालेल की," वहिनी म्हणाल्या. दोघी पुढे आल्या आणि आई गोलात बसली. तिथे उभ्या उभ्या मला रडू आलं. ते लपवायला मी सगळ्यांना चहा देत सुटलो, नको असलेल्यांनासुद्धा.

आई ठरल्याप्रमाणे परतली. दोनेक वर्षांनी मिलिंदला पर्थमध्ये चांगली नोकरी लागली आणि वहिनीही निघाल्या. विमानतळावर त्या उसनं हसून म्हणाल्या, "इतकी वर्षं राहून मी इथे केलं काय, भाऊजी? डोंगर चढले आणि उतरले." मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण त्या वेळी मला काही सुचलं नाही.

ते पुढे एका दुपारी सुचलं, पुण्यात तेव्हा सकाळ होती. मी पुण्याला आईला फोन लावला तर ती धापा टाकत बोलत होती, टेकडीवर होती. "बायका मागे राहिल्यात, नंतर कर," म्हणून तिनं फोन ठेवलासुद्धा. संध्याकाळी सगळं कळलं. सोसायटीतल्या चारपाच जणींना घेऊन ती रोज टेकडीवर जात होती. खालच्या मजल्यावरच्या एकीचा नवरा नुकताच गेला होता, ती दार लावून बसायची. आई तिच्याकडे कढीपत्त्याची फांदी घेऊन गेली होती, हा कढीपत्ताच ना म्हणून विचारायला. आज ती बाई पहिल्यांदा टेकडीवर आली होती.

मी लगेच पर्थला फोन लावला आणि वहिनींना हे सगळं सांगितलं. पलीकडे त्या रडायला लागल्या, चांगल्या मोठ्यानं. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच ऐकत होतो. मग नाक ओढून, वर्गातला आवाज काढून म्हणाल्या, "काकूंना सांगा, उतरताना त्या बाईच्या पुढे चाला. पाय घसरला तर धरायला पुढे कोणीतरी लागतं."