ताणलेला दोर

शेजारच्या घरातून सुकट भाजल्याचा वास आला की मला ठाण्याच्या कॉलेजातला कलारसास्वादाचा कोर्स आठवतो. माझ्या बाकावर डोंबिवलीच्या खाडीकाठची एक कोळ्यांची मुलगी बसायची आणि तिच्या डब्याला हाच वास यायचा. त्या दुपारी मॅडमनी पडद्यावर एक चित्र लावलं. संध्याकाळची खाडी, काठाला बांधलेली होडी, बाजूला विडी ओढत बसलेला माणूस. काय वाटतं, असं त्यांनी विचारल्यावर मी आदल्या दिवशी पाठ केलेलं सगळं इंग्लिशमध्ये सांगितलं आणि शेवटी म्हटलं, चित्रात शांतता आहे. "शांतता कसली, मॅडम?" ती बसल्या जागेवरून म्हणाली. "दोर बघा ना कसा ताणलाय. पाणी उतरायला लागलंय. हा बाबा आता उठला नाय तर होडी चिखलात बसेल, मग बस म्हणावं विड्या ओढत!" वर्ग हसला. मॅडम पडद्याजवळ जाऊन त्या दोराकडे बघत राहिल्या. माझ्या उत्तरावर त्यांनी फक्त "गुड" म्हटलं होतं. माझ्या पोटात दुखायला लागलं. तास संपल्यावर तिनं मला विचारलं, "अगं, परीक्षेत हे इंग्लिशमध्ये कसं लिहू? सांग ना." मला येत होतं. "मलाही नाही येत गं," मी म्हटलं आणि वही मिटली. "तुला येत नाय? मग माझं काय खरं नाय!" ती हसत म्हणाली. आता कुठेही होडीचं चित्र दिसलं की मी आधी दोर बघते, आणि तिचं ते उत्तर मनातल्या मनात इंग्लिशमध्ये लिहून काढते.