माझी दोन कुलपं आणि सिद्धूची शेंगा चटणी

मंडळी, आज माझा लई जळफळाट झालाय.

दुपारी मोहोळजवळच्या ढाब्यावर जेवायला थांबलो. माझ्या ट्रकमध्ये टॉवेलचे गठ्ठे होते. शेजारी आमच्याच गावच्या सिद्धूचा ट्रक, त्यातही टॉवेलच. माझ्या गाडीला जीपीएस, नवीकोरी ताडपत्री, मागं दोन कुलपं. त्याच्या ताडपत्रीला सतरा ठिगळं आणि वर नुसता दोर.

जेवून येतो तर माझी ताडपत्री ब्लेडनं फाडलेली, दोन गठ्ठे गायब! सिद्धूच्या दोराची गाठसुद्धा हलली नव्हती.

हलेल कशी? ढाब्यावरचा पंक्चरवाला सिद्धूच्याच गाडीला टेकून राखण करत बसला होता. सिद्धू दर खेपेला त्याच्यासाठी घरची शेंगा चटणी आणतो म्हणे.

मी पंक्चरवाल्यावर खेकसलो, "माझ्या गाडीकडं जरा बघितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

तो शांतपणे म्हणाला, "धा वर्सं हितं थांबताय की तुमी. माजं नाव सांगा बरं."

सिद्धू गालातल्या गालात हसत होता.

मोहोळच्या त्या पंक्चरवाल्याचं नाव कुणाला ठाऊक असेल तर खाली लिहा. सिद्धूला मी मेलो तरी विचारणार नाही.