पत्र्याच्या आभाळातलं नाव

मी विज्ञानाचा शिक्षक. भूत, भानामती, अंगात येणं – यातल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी मला त्या रांगेत बसवू नये. या सदरातले बरेच अनुभव मी वाचले आहेत. खरं सांगायचं तर वाचून हसलोही आहे. माझ्याकडे मात्र एकच अनुभव आहे, आणि तो सांगायला मला वीस वर्षांवर काळ लागला. भीतीमुळे नाही... लाजेमुळे.

साठीच्या दशकाची शेवटची वर्षं. बोईसर तेव्हा नुकतं वाढायला लागलं होतं. तारापूरला वीज प्रकल्पाचं बांधकाम जोरात होतं आणि सातारा, सांगली, नगर कुठून कुठून माणसं कामाला येऊन राहिली होती. पाम गावाच्या बाजूला आमची शाळा. बैठी, कौलारू, मागे एक लांबट हॉल. मी कऱ्हाडकडचा, वय तिशीच्या आत, डोक्यात खूळ एकच – कलकत्त्याचा पोरगा तारांगणात जे बघतो ते इथल्या माणसाला दिसलं पाहिजे. म्हणून ठरवलं, तारांगण करायचं. दर रविवारी दुपारी चार वाजता, सर्वांना मोफत. पोरांना घेऊन या, म्हाताऱ्यांना घेऊन या.

घुमटासाठी एका तांडेलाने जुनं शीड दिलं. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. ते शीड पांढऱ्या चुन्यात बुडवून, बांबूच्या काड्यांवर उघड्या छत्रीसारखं ताणलं. खिडक्यांना काळी ताडपत्री. मधोमध स्टँडवर बिस्किटांचा मोठा गोल पत्र्याचा डबा, आत मोटारीच्या दिव्याचा बल्ब. डब्याला खिळ्याने भोकं पाडायची, दिवा लावला की प्रत्येक भोकाचा छतावर एक तारा. पहिला डबा मी स्वतः केला. पुस्तकातला नकाशा डब्याला बाहेरून चिकटवला आणि त्यावर भोकं पाडत गेलो.

पहिल्या खेळाला शीड देणारा तांडेलबाबा घरच्यांसकट आला. पाच मिनिटं मान वर करून बसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, तुमचा आभाल उलटा हाय."

"उलटं कसं असेल? पुस्तकात बघून केलंय."

"पुस्तक कोनी ल्हिलाय ता मना ठाव नाय. इच्चवाची शेपटी डोंगराकडं आसते. तुमी ती दर्याकडं वलवली. या आभालावर होडी काडली तर मासली ऱ्हाली, मानूसच परत यायचा नाय."

हॉलभर हशा. मी अंधारात होतो म्हणून निभावलं.

खेळ संपल्यावर एक माणूस मागे थांबला. वसंत. प्रकल्पावर फिटर होता, माझ्याच भागातला. कऱ्हाडला भांड्यांच्या दुकानात वाढलेला. घेतलेल्या भांड्यावर हातोडी-छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांची नावं घालतात ना, ते काम त्याने लहानपणापासून केलेलं. डबा हातात फिरवून तो म्हणाला, "सर, नकाशा बरोबर हाय. पर भांड्याला आपण भाईरनं नाव घालतो, कारण वाचणाराबी भाईर असतो. हितं वाचणारा आत बसलाय. नकाशा पालथा लावाय पाहिजे."

इतकं साधं. बी.एस्सी. झालेल्या मला ते सुचलं नव्हतं.

दुसरा डबा संपूर्ण वसंताने केला. पाळी सुटली की तो आणि त्याची बायको इंदू हॉलमध्ये यायचे. ती डबा धरायची, नकाशावरची खूण दाखवायची, तो ठोकायचा. मोठ्या ताऱ्याला जाड खिळा, बारक्याला सुई. प्रत्येक घाव बाहेरून आत, म्हणून डब्यावरून हात फिरवला तर गुळगुळीत. शेवटी त्याने डब्याचा तळ, म्हणजे खाली आलेलं झाकण, कथलाचा डाग देऊन, सांधून कायमचा बंद केला. बल्ब जाईल एवढंच एक भोक ठेवलं, तीन बोटं जेमतेम शिरतील असं.

तळ बंद करण्याआधी त्याने विचारलं होतं, "सर, हितं खालच्या मोकळ्या पट्टीत नाव घालू का? बारीक. कुणाच्या ध्येनात यायचं नाय."

मी म्हणालो, "अरे, लोक तारे समजतील."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि हसला.

त्याच आठवड्यात मी लाकडी स्टँडवर पांढऱ्या रंगाने माझं नाव लिहिलं. डिग्रीसकट. खाली – रचना व निर्मिती. वसंताने ते वाचलं आणि बल्ब बसवायला घेतला.

नव्या डब्यावर तांडेलबाबा खूश झाला. "आता हाकारायला हरकत नाय," म्हणाला, म्हणजे होडी दर्यात काढायला. वाणगाव, पालघरहून माणसं यायला लागली. बाजारात मला 'आकाशवाले सर' म्हणायचे. ते मला फार आवडायचं... लपवत नाही.

पावसाळ्यानंतर वसंत काविळीने गेला. पंधरा दिवसांत माणूस संपला. मार्चअखेर क्वार्टर सोडायची वेळ इंदूवर आली. गावी दिराच्या घरी जाऊन राहण्यापलीकडे तिला काही नव्हतं, आणि तिथे तिला कोणी नीट वागवणार नाही हे ती जाणून होती. नेमकी तेव्हा शाळेत मदतनिसाची जागा निघाली – प्रयोगशाळा आणि तारांगण सांभाळायला. इंदू सातवी झालेली होती. तिने अर्ज केला.

हेडसरांनी मला बोलावलं. "ही बाई म्हणते, तारांगणाचा डबा तिच्या नवऱ्याने केला आणि तिने हाताखाली काम केलं. तसं असेल तर दुसरा माणूस शोधायचाच कशाला? तुम्ही सांगा."

मी सांगितलं, "पत्रा त्याने आणून दिला होता. बाकी माझं काम."

एवढंच वाक्य. बोलताना आवाजही हलला नाही. अर्ज बाजूला पडला.

त्यानंतरचा रविवार. चैत्रातला उकाडा. इंदू सोमवारच्या गाडीने गावी जाणार होती, शेवटचा खेळ बघायला आली. हातात पाण्याचा पितळी तांब्या. मागच्या भिंतीशी बसली. हेडसर आणि शाळा समितीचे दोघं पुढे. तांडेलबाबा त्याच्या नेहमीच्या जागी.

आता नीट वाचा. त्या दिवशी सकाळी मी डबा कपाटातून काढून पुसला होता. कुठे नको तिथून प्रकाश गळू नये म्हणून दर रविवारी सांध्यांवर आणि मोकळ्या पट्टीवर काळा रंग फिरवायचो, तसा फिरवला. खालच्या पट्टीवर एकही भोक नव्हतं. डबा परत कपाटात, किल्ली माझ्या खिशात. चारला मीच काढला.

दिवा लावला. सप्तर्षी दाखवले, ध्रुव दाखवला. मग सगळ्यांना दक्षिणेकडे वळायला सांगितलं. "हा वृश्चिक. ही शेपटी – डोंगराकडे," म्हटलं, तांडेलबाबा नेहमीप्रमाणे हुंकारला. आणि शेपटीच्या खाली, जिथे मोकळा अंधार असायचा तिथे, ठिपके होते. ओळीत. मी बोलायचा थांबलो.

मागून इंदूचा आवाज आला. मोठ्याने नाही. पाटीवरचं वाचावं तसं तिने वाचलं, "वसंत."

सगळ्यांनी वाचलं. तीन अक्षरं, सरळ, स्वच्छ. पुढे तीन बारीक ठिपके. भांड्यावर नाव संपलं की वसंत असे तीन ठिपके द्यायचा, ही त्याची लकब. मी ताडपत्री सारली तेव्हा इंदूने तांब्या पुढे केला. त्याच्या काठाखाली तेच नाव, त्याच वळणाचा 'स', तेच तीन ठिपके.

हेडसर उठून माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे ओले होते. "तुम्ही घातलंत हे? मित्रासाठी?"

'नाही' म्हणालो असतो तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "हो."

तांडेलबाबा तेवढा माझ्याकडे बघत राहिला. दारातून बाहेर पडताना म्हणाला, "मास्तर, ता हात तुमचा नाय." आणि गेला. पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही.

सगळे गेल्यावर मी डबा उतरवला. खालच्या पट्टीत भोकं होती, बाहेरून बघितलं की अक्षरं उलटी. म्हणजे ज्याने घातली त्याला आतून कसं वाचतात ते पक्कं माहीत होतं. मग बोट फिरवलं आणि बोटाला रक्त आलं. पत्र्याच्या कडा बाहेर आल्या होत्या. घाव आतून बाहेर मारलेले होते. तळ तसाच बंद, वसंताचा डाग कुठे उकललेला नाही. तीन बोटांच्या भोकातून हातोडी जात नाही. मी चिमटे, वाकवलेली तार, सगळं वापरून बघितलं. दुसऱ्या तशाच डब्यावर आठवडाभर प्रयत्न केला. एक भोक पडलं नाही.

मी शिक्षक आहे, कारण शोधणं माझं काम. याचं कारण मला आजपर्यंत सापडलेलं नाही, आणि सापडेल असं वाटत नाही. ते मी मान्य करतो.

नोकरी मात्र इंदूला मिळाली. "एवढ्या प्रेमाने ज्याचं नाव घातलंत, त्याच्या बायकोला आपण जाऊ द्यायचं?" असं हेडसर समितीत म्हणाले. नोकरी मिळाल्याचं श्रेयही माझंच ठरलं. त्या दिवाळीला ती तबक घेऊन आमच्या घरी आली. "सर, मला भाऊ नाही. ओवाळू का?" तेव्हापासून मी तिचा दादा. दर भाऊबीजेला ती ओवाळते, मी पाटावर बसतो आणि तिच्या डोळ्यांत बघत नाही. माझ्या बायकोला वाटतं, मी भावुक होतो.

येत्या महिन्यात इंदू मुदतीआधीच, स्वेच्छेने निवृत्त होते आहे. वीस वर्षं तिने तो डबा सांभाळला, खेळ चालवले, माझ्यापेक्षा चांगलं आकाश सांगितलं. निरोप समारंभात मी बोलावं अशी तिने आताच्या हेडसरांना विनंती केली आहे. "माझ्या माणसाचं नाव दादांनी आभाळात घातलं," असं ती अजून नव्या मास्तरांना सांगते.

हे मासिक तिच्या घरी येतं. म्हणून इथे लिहितो.

इंदू, डबा वसंताने केला. पहिल्या भोकापासून शेवटच्यापर्यंत. हेडसरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि तुझा अर्ज माझ्यामुळे पडला होता. स्टँडवरचं माझं नाव काल मी पॉलिश पेपरने घासून काढलं. कपाटाची किल्ली तुझ्याकडेच आहे. डबा काढ आणि खालच्या पट्टीवरून बोट फिरव... जपून, अजून लागतं.

ते नाव मी घातलेलं नाही.