द्राक्षांच्या घडातले पिंगळे

इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत किशोर देवरेंना सगळे ‘फोटोवाले’ म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस एक तर देवधर्माला लागतो, नाहीतर सोसायटीच्या सभेत भांडतो. किशोरभाऊंनी कॅमेरा घेतला आणि शहरभर चौकाचौकांतले विचित्र पुतळे टिपत सुटले. हवेत लटकलेला नळ, भंगाराचा मोर, मान वाकडी झालेलं सिमेंटचं हरीण. त्यातही एक अट होती. पुतळ्यावर पक्षी बसलेला हवा आणि दोघं एकाच फोटोत हवेत. हरणाच्या शिंगावर वेडा राघू येऊन बसेपर्यंत हा गृहस्थ उन्हात ताटकळायचा.

“भाऊ, नुसता पक्षी काढा की,” मी एकदा म्हणालो.

“नुसता पक्षी कुठलाही असतो. हरीण दिसलं की तो आपल्या नाशिकचा होतो.”

हे सगळं शुभांगीवहिनींसाठी चाललं होतं. मणक्यात गाठ निघाल्यापासून वहिनी पलंगाला खिळल्या होत्या. त्यांच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसे. भाऊ घरी आले की चपला काढायच्या आधी कॅमेरा त्यांच्यासमोर धरायचे. वहिनींचा जीव होता गंगापूर रोडकडच्या एका चौकातल्या द्राक्षांच्या घडावर. सिमेंटचा, हिरवा, माणसाहून उंच घड, त्यातली काही द्राक्षं फुटून पोकळ झालेली. अशाच एका फुटक्या द्राक्षात पिंगळ्यांची, म्हणजे चिमुकल्या घुबडांची, जोडी राहायची. भरदिवसा भोकातून तोंडं बाहेर काढून दोघं रहदारीकडे डोळे वटारून बघत.

“त्यातला एक अगदी तुमच्यासारखा बघतो,” वहिनी म्हणायच्या. रोज त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “पिंगळे काय म्हणतात?”

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी भाऊंना बाहेर बोलावून सांगितलं होतं की गाठ पसरली आहे, आता फारसं काही हाती नाही. भाऊ आत गेले आणि बायकोला म्हणाले, “संक्रांतीपर्यंत चालायला लागशील, डॉक्टर म्हणतात.” हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं. “तिचा माझ्या शब्दावर विश्वास आहे, त्यावरच ती जेवते-खाते,” म्हणाले. मला ते पटलं नाही, पण तसं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

नवरात्रात पिंगळ्यांचा एक फोटो फार सुरेख आला. वहिनींनीच हट्ट धरला की हा लोकांना दिसायला हवा. भाऊंनी तो गावातल्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमधल्या निकितानं सगळ्यांना आधीच बजावलं होतं, “दिवाळी जवळ आली आहे. अमावस्येच्या जादूटोण्यासाठी लोक घुबडं-पिंगळे पकडतात. जागा कुणाला सांगू नका.” भाऊंनी जागा सांगितली नाही. उलट फोटोखाली ठसठशीत लिहिलं, ‘ठिकाण विचारू नये.’ आणि फोटोत अख्खा घड! आता नाशकात तसला फुटका घड दुसरा आहे कुठे? शेंबड्या पोरानंही ओळखला असता. कारखान्यात जन्मभर बारीक काम केलेल्या माणसाला एवढं कळू नये, याचा मला अजून राग येतो.

अमावस्येच्या आधी भोक रिकामं झालं. भाऊंना कडेला पिसं आणि जाळीचा तुकडा मिळाला. चौकातल्या टपरीवाल्या संतोषनं सांगितलं, “दोघं जण शिडी घेऊन आले होते, काका. मला वाटलं, रंगवायला आले असतील. मोबाईलवर फोटो दाखवून विचारलं, हाच घड ना? मी म्हटलं, हो.” फोटो भाऊंचाच होता, ग्रुपवरून हातोहात फिरत गेलेला.

वहिनींना त्यांनी हे सांगितलं नाही. जुने फोटो ढीगभर होते, रोज त्यातला एक दाखवायचा. “आज डावीकडचा पेंगतोय बघ.” वहिनी हसायच्या. मी समोर बसून ते ऐकत असायचो.

देवदिवाळीच्या सुमारास मी त्यांच्याकडे बसलो होतो. भाऊंनी नेहमीसारखा कॅमेरा पुढे केला. फरशी पुसणाऱ्या अंबूबाईंनीही डोकावून पाहिलं.

“हा तर तो घड. पन आता जांभळा केलाय ना त्याला? कुंभमेळ्यासाठी रंगवला म्हनं. लय भारी दिसतोय. भोकंबी समदी बुजवली.”

अंबूबाईंचा काय दोष? पाहिलं तसं त्यांनी सांगितलं. वहिनींनी कॅमेरा जवळ ओढला. त्यात घड हिरवागार होता आणि भोकात दोन तोंडं होती.

“पिंगळे कधी गेले?” त्यांनी विचारलं.

भाऊंनी सगळं सांगितलं, ग्रुपवरच्या फोटोपासून शिडीपर्यंत. वहिनींनी त्यांचा हात हातात घेतला. “तुम्ही मुद्दाम केलं नाहीत,” म्हणाल्या. मला वाटलं, निभावलं.

मग त्या म्हणाल्या, “आणि डॉक्टर संक्रांतीचं म्हणाले होते, तेही असंच का हो?”

भाऊंनी मान खाली घातली. अंबूबाई बादली उचलून आत गेल्या.

वहिनींनी डोळे मिटले. हात मात्र सोडला नाही. तशाच म्हणाल्या, “उद्या जाऊन त्या घडाचा फोटो काढून आणा. आता जसा आहे, तसा.”